माजलगावच्या गिरणीतल्या जपानी पाट्या

मी माजलगावला जायला निघालो आणि चौसाळ्याला उतरलो.

यात एसटीचा फारसा दोष नव्हता. बीडच्या स्टँडवर गाडी उभी होती आणि तिच्या कपाळावर ठळक अक्षरांत पाटी होती, ‘माजलगाव’. मी ती वाचली, चढलो, मागच्या बाकावर बॅग मांडीवर घेतली आणि झोपलो. गाडी माजलगावहून आली होती, आता चौसाळ्याकडे निघाली होती आणि पाटी बदलायची राहून गेली होती. हे गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण प्रत्येकानं चढण्याआधी कंडक्टरला विचारलं होतं. वाचून चढलेला मी एकटाच. गर्दीतून वाट काढत कंडक्टर माझ्यापर्यंत आला तेव्हा मांजरसुंब्याचा घाट मागे पडला होता.

“माजलगाव? ते तर तिकडं ऱ्हायलं. हितं कावून बसलात?”

“पाटीवर लिहिलंय ना.”

“पाटी वाचली!” कंडक्टर बाकावरच्या मंडळींकडे वळून म्हणाला. “यांनी पाटी वाचली!”

सगळा बाक हसला. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. माझा पेशा काय, हे मी त्या बाकाला सांगितलं नाही. वाचकांना सांगायला हरकत नाही. मी वाचायला शिकवतो. पुण्यात जपानी भाषेचे वर्ग घेतो आणि त्यातही माझा खास विषय म्हणजे रोजच्या उपयोगाचं वाचन. स्टेशनातली पाटी, औषधाचं पाकीट, यंत्रावरची सूचना. पाटी दिसली की घाबरू नका, तिच्यावर विश्वास ठेवा, असं मी प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी सांगत असे.

चौसाळा हमरस्त्यावरचं गाव. रस्त्याला लागून दुकानं, दुकानांपुढे उभे ट्रक, ट्रकखाली आडवे पडलेले क्लीनर. आभाळ मळकट होतं आणि मागची बालाघाटाची माळरानं त्याहून मळकट. समोरच्या किराणा दुकानात गादीवर एक गृहस्थ बसले होते. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. त्यांना सगळे मन्मथअप्पा म्हणत. माझी फजिती माझ्याआधीच त्यांच्यापर्यंत पोचली होती.

“या, पाटीवाले,” ते म्हणाले. “चहा घ्या. माजलगावला कुणाकडं जायलात?”

मी सूतगिरणीचं नाव सांगितलं. कामगारांना जपानी वाचायला शिकवायला चाललोय, असंही सांगितलं. अप्पांचा तराजू हातातच राहिला.

“म्हंजी तुमीच का ते सर!”

ते गादीवरून उठले आणि मला गादीवर बसवलं. पुढच्या चहाबरोबर मला जे समजलं, ते मला बोलावणाऱ्या गिरणीच्या मॅनेजरनं कळवलेलं नव्हतं. मला एवढंच सांगितलं होतं की, जपानातल्या बंद पडलेल्या एका गिरणीची जुनी यंत्रं मालकांनी आणली आहेत, त्यांवरच्या सूचना सगळ्या जपानीत आहेत आणि तीन आठवड्यांत कामगारांना त्या वाचता आल्या पाहिजेत. आयात नुकतीच मोकळी झाली होती आणि कोण कुठून काय आणील याचा नेम नव्हता, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नव्हतं.

“आमचे जावाई तितंच फिटर हायत,” अप्पा म्हणाले. “वैजनाथ नाव. जुन्या मशिनी भंगारात चालल्या. नवीवर एकच माणूस लागतो म्हणं. ज्याला पाटी वाचता येईल त्यो ऱ्हाणार, बाकीचे घरी. अन् जावयांला घरच न्हाई, सर. भावांनी दुकान वाटून घेतलं. काम गेलं तर हितंच यावं लागंल त्यांला. माझ्या गादीवर.”

“मग बरंच की. तुम्हाला मदत.”

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला चहा गरम लागला.

“जावयाला साखर तोल म्हणू का मी? पोतं उचल म्हणू? घरजावई म्हणून गावानं बोट दाखवलं तर पोरगी बाहीर तोंड काढंल का?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “वाचवा त्यांला. तुमच्या हातात हाय.”

निघताना त्यांनी मुलीसाठी शेंगदाण्याच्या चटणीचा पितळी डबा आणि पिशवीभर सीताफळं माझ्याजवळ दिली. बीडच्या गाडीत मला बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, “यांला बीडात माजलगावच्या गाडीत घालून द्या. सोता वाचून बसू देऊ नका.” अशा रीतीनं मी पार्सलासारखा, हातोहात, माजलगावला पोचलो.

माजलगावची हवा चौसाळ्यापेक्षा वेगळी. सिंदफणा नदीवरच्या धरणामुळे चहूकडे ऊस, उसाच्या गाड्यांची रांग, मळीचा आंबूस वास. साखर कारखान्यांच्या चिमण्यांतून काजळी उडायची आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, चहात, माझ्या वहीच्या पानांवर बसायची. गिरणी गावाबाहेर होती. एका बाजूला जपानहून आलेल्या, गिरणीला नव्या असलेल्या यंत्रांच्या निळ्या रांगा, दुसऱ्या बाजूला जुन्या यंत्रांचा उघड्यावर टाकलेला सांगाडा. माझा वर्ग मधल्या कापसाच्या गोदामात भरायचा. कापूस उरला नव्हता, नाकात जाणारे तंतू मात्र भरपूर होते.

पंधरा-वीस कामगार होते. पहिल्या दिवशी मी माझं हुकमाचं पान काढलं, टोकियोच्या रेल्वेचं वेळापत्रक. सगळं वाचायचं नाही, आपल्याला हवी ती गाडी तेवढी शोधायची, हे कौशल्य त्याच्यावर फार छान शिकवता येतं. पुण्यात मुलं खूश होतात. इथं ते पान हातोहात फिरून माझ्याकडे परत आलं. मग एक धिप्पाड, मिशाळ माणूस उभा राहिला. हा शेषराव, युसूफ वडगाव या गावचा.

“सर, हितं रेल्वेच न्हाई.”

“ही जपानची आहे.”

“आमी कवा जायचं जपानला? तितली मशीनच हितं आली की.”

वेळापत्रक मी गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून वर्ग यंत्रांपुढे नेला. तेइशी (थांबवणे), किकेन (धोका), अबुरा (तेल), इतो (सूत). अक्षरं लिहायची नाहीत, गिरवायची नाहीत. फक्त चेहरा ओळखायचा, जसा बाजारात माणसाचा ओळखतो. लाल गुंडीवरचा शब्द होता हिजोऽ (आणीबाणी). तो मी सगळ्यांत जास्त घोटून घेतला. पण गाडी पुढे सरकेना. कुणाला चेहरा आठवायचा तर काम आठवायचं नाही, कुणाचं उलट. वैजनाथ पहिल्या जातीतला. सडपातळ, हळू बोलणारा, एकदा पाहिलेलं चिन्ह कधी विसरत नसे, आणि विचारलं की लाजत असे.

त्याच्या भाड्याच्या घरी अप्पांचा डबा द्यायला गेलो तेव्हा त्याची बायको महानंदा हिनं जेवायलाच बसवलं. ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ लावलेली आमटी). येसर मी पहिल्याच घासाला ओरपलं, जीभ भाजली आणि पुढचं सगळं जेवण चवीशिवाय जेवलो. दोन लहान मुली दारामागून माझी मजा पाहत होत्या. शेषरावही तिथंच होता. दोघं एकाच पाळीतले आणि जिवाभावाचे.

जेवणानंतर ते मला महादेवाच्या देवळात घेऊन गेले. सोमवार होता, पोथी होती. आमच्याकडे पोथी एकच माणूस वाचतो. इथं दोघं बसत. एकानं ओवी वाचायची आणि थांबायचं. शेजारच्यानं तिचा अर्थ सांगायचा. वाचणारा वैजनाथ होता. लाजरा माणूस तिथं खणखणीत आवाजात वाचत होता. ओवी संपली की तो किंचित डावीकडे मान वळवी, आणि डावीकडे बसलेला शेषराव तिचा अर्थ असा रंगवून सांगे की खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्याही मान डोलवत.

“शेषराव, तू वाचत नाहीस का?” मी नंतर विचारलं.

“मला कशाला वाचायला पायजे? ह्यो हाय की.”

“आणि वैजनाथ, तू अर्थ सांगत नाहीस?”

“त्यो हाय की, सर.”

मला त्या देवळात साक्षात्कार झाला. जगात माणसं अनेक मूर्खपणांना हा शब्द वापरतात, मीही वापरला. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या जोड्या लावल्या. एकानं पाटी वाचायची, दुसऱ्यानं काय करायचं ते सांगायचं आणि करून दाखवायचं. वर्ग असा धावू लागला की मी स्वतःची पाठ थोपटायची तेवढी बाकी ठेवली. वैजनाथ ओवीच्या चालीत म्हणे, “हिजोऽ तेइशी,” आणि शेषराव गर्जे, “लाल गुंडी! दाब बे, हात जाईल!” सगळे हसत. पुण्याला बायकोला फोन करायला एसटीडी बूथवर गेलो तेव्हा तिथं रांगेत उभ्या असलेल्यांनाही मी ही पद्धत समजावून सांगितली. फक्त एक जण जोडीला बसला नाही. विठोबा नावाचा, कुणाशीच न बोलणारा, तोंड वाकडं करून एकटाच यंत्रापुढे उभा राहणारा. त्याच्याबद्दल मला वाईट वाटे.

सुट्टीच्या दिवशी वैजनाथ आणि शेषराव मला धरण दाखवायला घेऊन गेले. पाणी शिशासारखं पडलं होतं, वारा नव्हता. भिंतीजवळ मोठी पाटी होती, पोहण्यास सक्त मनाई. पाटीच्या खांबाला कपडे टांगून चार-पाच जण पोहत होते.

“यांना वाचता येत नाही का?” मी म्हणालो.

“येतंय की,” शेषराव म्हणाला. “पर पाटी एकट्या माणसासाठी असती, सर. पाहुण्यासाठी. ज्याच्यासंगं सांगणारं कुणी न्हाई त्याच्यासाठी.”

मी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं, गंमत म्हणून.

वैजनाथ पाण्याकडे बघत उभा होता. तीन आठवडे संपले की मॅनेजर परीक्षा घेऊन माणसं निवडणार होता. परतताना तो मागे राहून मला म्हणाला, “सर, परीक्षेला दोघांला संगंच बोलावतील ना?”

“म्हणजे काय! मी मॅनेजरशी बोलतो.”

“मंडळी इचारायलीत रोज.” मंडळी म्हणजे महानंदा. “तिला म्हनलं, सरांनी जोड्या लावल्यात म्हंजी जोडीनंच असंल.”

मी बोललो, खोटं नाही सांगत. मॅनेजर नाशिककडचा सुशिक्षित माणूस. कागदांवरून मान न उचलता त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बघू.” मी उड्या मारत बाहेर आलो आणि वर्गाला सांगितलं, जोडीनंच परीक्षा. जन्म महाराष्ट्रात गेला, सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि ‘बघू’ म्हणजे काय हे मला कळू नये! जपानीत नकार किती आडवळणानं देतात यावर मी पुण्यात तासभर बोलत असे.

परीक्षेच्या दिवशी काजळी जास्तच पडत होती. मॅनेजर आणि पाळीचा इंजिनिअर एका यंत्राजवळ खुर्च्या टाकून बसले. मला तिसरी खुर्ची दिली, पण बोलायचं नाही असं बजावलं. बाहेर सगळे जोडीजोडीनं उभे होते. शिपायानं हाक मारली, “वैजनाथ. एकटा.”

मी उठलो. मॅनेजर म्हणाला, “बसा, सर.” मी बसलो. वाटलं, पोरगा हुशार आहे, निभावून नेईल.

वैजनाथनं पाट्या वाचल्या. सगळ्या. एकही चुकली नाही. इंजिनिअरनं मान हलवली. मग त्यानं कुठलीतरी कळ दाबली, यंत्राचा लाल दिवा लागला आणि भोंगा ओरडू लागला. “काय करणार?”

वैजनाथ पाटीकडे बघून खणखणीत म्हणाला, “हिजोऽ तेइशी.” आणि थांबला. आणि त्यानं डावीकडे मान वळवली.

डावीकडे कुणी नव्हतं. भोंगा चालू होता. त्याला अर्थ माहीत नव्हता असं मी आजही मानत नाही. तो त्यानं किती वेळा ऐकला होता. पण तो अर्थ त्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता, त्याच्या हातानं कधी केला नव्हता. मीच करू दिला नव्हता. तो वाट बघत राहिला. मग त्याचा हात गुंडीकडे गेला, पण तोवर इंजिनिअरनं स्वतःच भोंगा बंद केला होता.

शेषराव आत आला तेव्हा हातवारे जय्यत तयार होते. कापूस अडकला तर काय, तेल संपलं तर काय, सगळं त्यानं धडाधड सांगितलं. पण पाट्यांसमोर उभं केल्यावर तो एकेकीकडे बघत राहिला, आणि शेवटी दरवाज्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, “वैजनाथ, काय लिवलंय बे?”

मॅनेजर हसला. मलाही एरवी हसू आलं असतं.

दुपारपर्यंत माझ्या जोड्यांतली बहुतेक माणसं अशीच अर्धी-अर्धी होऊन बाहेर आली. विठोबा मात्र आत गेला, वाचलं, दाबलं, बाहेर आला आणि कुणाशी न बोलता विडी पेटवली.

मी मॅनेजरला गाठलं. म्हणालो, चूक माझी आहे, या दोघांना एकत्र उभं करा, ते पूर्ण आहेत. किंवा आठवडा द्या, मी एकेकट्याला तयार करतो. तो रागावला नाही. उलट त्यानं माझ्यासाठी पाणी मागवलं.

“सर, दोघं मिळून चांगले आहेत, हे मलाही माहितीये. जुन्या मशीनवर दोघंच लागायचे. नवी आणली ती एकावर चालावी म्हणूनच ना? आणि आठवडा माझ्या हातात नाही, मालक सोमवारपासून चालू करतायत.”

संध्याकाळी मी वैजनाथच्या घरी गेलो. सामान बांधायला घेतलं नव्हतं, पण भिंतीवरचा आरसा उतरवलेला होता. वैजनाथनं माझी बाजू घेतली, ते मला जास्त लागलं. “सरांनी शिकवलं चांगलं. माझंच डोकं चाललं न्हाई.” शेषराव वडगावला जाऊन मळणीयंत्रावर बसणार होता. तो मला म्हणाला, “तुमी काळजी करू नका, सर. आता जपानला गेलो तर पाटीम्होरं हुबा ऱ्हाईन मी, कुणी वाचून दावंस्तवर.” आणि एकटाच हसला.

जाताना महानंदानं घासूनपुसून लखलखीत केलेला पितळी डबा माझ्या हातात दिला. इकडे डबा रिकामा परत करत नाहीत. आत गुळाचा खडा होता.

“अप्पांला द्या,” एवढंच म्हणाली.

परतीचा सरळ रस्ता बीडहून पुण्याला जातो. चौसाळ्याला जायचं काही कारण नव्हतं. डबा कुणाच्याही हाती पाठवता आला असता. पण गेलो. बीडच्या स्टँडवर पाटी वाचली नाही. कंडक्टरला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं, शेंगा विकणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, “कितीदा इचारता? चढा की.”

गाडीत बसून मी विचार करत होतो. वाचन ही एकट्यानं करायची गोष्ट आहे, असं मी आयुष्यभर गृहीत धरून चाललो, आणि ज्या एका गावात ती दोघांनी मिळून होताना पाहिली तिथं एवढा हरखलो की बाहेर काय चाललंय हे पाहायचं विसरलो. यंत्रावरच्या पाट्या मी सगळ्यांना वाचून दाखवल्या. यंत्र तिथं कशासाठी आलंय, ते मात्र चौसाळ्याच्या गादीवर चहा पिताना मला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं आणि ते मी वाऱ्यावर सोडलं. पुण्यात पुढे माझे वर्ग चालू राहिले. जोड्या लावत नाही. विद्यार्थी एकेकटे वाचतात, बरोबर वाचतात, आणि वर्गात फार शांतता असते.

अप्पांना एसटीडीवरून सगळं आधीच कळलं होतं. त्यांनी डबा घेतला, उघडला, गूळ बघितला आणि झाकण लावलं. दुकानात एक बदल मला आत शिरतानाच दिसला होता. गादी वाढवली होती. अप्पांच्या लोडाशेजारी दुसरा लोड ठेवला होता, नवा, अभ्रा न मळलेला, आणि तराजू दोघांच्या मधे सरकवलेला होता.

चहा आला. मी न विचारता बोलू लागलो. माझी चूक झाली, जोड्या लावायला नको होत्या, मॅनेजरला पुन्हा विचारायला हवं होतं. शेवटी म्हणालो, “पहिल्या दिवशी चुकीच्या गाडीत बसलो, तिथूनच सगळं चुकत गेलं बघा.”

अप्पांनी कपातला चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायले. मग बशी खाली ठेवली.

“न्हाई, सर. तवा तुमी बरूबर उतरला होता. तुमाला माजलगावच्या गाडीत म्या घातलं.”